सुरगाठ

यंदा सव्वीस जानेवारी
नेमकी पाण्याच्या दिवशी आली.
आमच्या गावाला चौथ्या दिवशी पाणी.
ते सोडणारा माणूस एकच, रुबाब फकिरा तडवी,
आणि झेंडा बांधणाराही तोच.

साडेपाचला मी ग्रामपंचायतीचं कुलूप काढलं.
मी म्हणजे ऑपरेटर, दाखले छापतो.
सातपुड्यावरून थंडी उतरलेली,
केळीला चरका बसेल अशी.
रुबाबभाऊ ओट्यावर, कानाला मफलर,
मांडीवर झेंडा,
रुमालात झेंडूच्या पाकळ्या,
बायकोनं रात्रीच खुडून ठेवलेल्या.

गाठ मारताना तो बोलत नाही.
मारून झाल्यावर म्हणाला,
"आवळली, तं सरपंच वढतच राह्यते.
ढिली राह्यली, तं वर जाता जाताच सांडते समदं."

एका वर्षी निरगाठ बसली होती.
पाहुणे दोरी ओढून ओढून घामाघूम,
पोरं फिदीफिदी,
शेवटी सुट्टीवर आलेला भागवत फिरके
बूट काढून खांबावर चढला.
तेव्हापासून, एकतीस वर्षं, हे काम रुबाबकडे.
ठराव कुठेच नाही,
मी जुनं दप्तर पाहिलंय.

मागच्या ऑगस्टात तालुक्याहून
मोटारसायकलींची रॅली आली होती.
एका पोरानं गाडी बंद न करताच
त्याला सांगितलं, काका, म्हणा. मोठ्यानं म्हणा.
रुबाबभाऊ म्हणाला.
अजून मोठ्यानं, म्हणून सांगितलं.
तेही म्हणाला.
मग व्हॉल्व्हची किल्ली खांद्यावर टाकून
बेघर वस्तीकडे निघून गेला.
त्या दिवशी पाणी अर्धा तास जास्त सुटलं,
एवढंच मला माहीत आहे.

रहिवासी दाखल्यावर
नाव मी टाइप करतो, वय, घर नंबर.
राष्ट्रीयत्वापुढे 'भारतीय'
आधीच छापून आलेलं असतं.
बारा वर्षांत त्या ओळीवर
माझी नजर कधी थांबली नव्हती.
त्या संध्याकाळी थांबली,
रांगेतला म्हातारा खाकरेपर्यंत.

तर आज.
ग्रामसेवकांनी मला बेघर वस्तीत पाठवलं,
भोंग्याचा आवाज तिथवर येतो का बघायला.
येतो.
कुमुदिनीताईंनी दोरी ओढली असणार,
कारण टाळ्या आल्या,
आणि मग शाळेच्या पोरींचा आवाज,
जरा वरच्या पट्टीत लागलेला.

रुबाबभाऊ खड्ड्यात वाकलेला होता,
तो किल्ली सोडून सरळ झाला.
नळावर सुपडाबाई, कमरेवर एक हंडा,
दुसरा नळाखाली.
तिच्यामागे बादलीवाली पोरगी,
तोंडात ब्रश तसाच.
हंडा भरला.
भरून वाहायला लागला.
चार दिवसांचं पाणी
सुपडाबाईच्या पायावरून
कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघालं,
आणि तिनं ओठ न हलवता म्हटलं,
"बंद करा ना कुनी."
कुणी हललं नाही.
ती स्वतःही नाही.

पोरींनी शेवटचा जय लांबवला.
सुपडाबाईनं हंडा ओढून घेतला,
"झालं? लाव मंग तुही बादली, पाहत काय राह्यली?"

रुबाबभाऊनं मला विचारलं,
"फुलं पडली का?"
मी इथे, मला कसं दिसणार.
म्हटलं, पडली असतील.
"असतील म्हंजे?"

फोन लावला.
शिपाई हसत होता,
अर्धी हेडमास्तरांच्या टकलावर, म्हणे,
ते अजून झटकताहेत.

सांगितलं तसं त्याला.
त्यानं मान हलवली,
खड्ड्यात उतरला,
आणि घड्याळ बघून म्हणाला
या गल्लीची पाच मिनिटं वाया गेली,
ती धरून देतो.